माझ्या नावाचा दुसराच फोन

आषाढातली गोष्ट. सकाळपासून पाऊस नुसता कोसळत होता, शाळेला सुट्टी जाहीर झाली होती, आणि मुलांच्या हट्टापायी मी कांदाभजीचं पीठ कालवत होते. एवढ्यात गिरगावहून आईचा फोन आला. आईचा आवाज एरवी चांगला खणखणीत. पण त्या दिवशी कापत होता.

"अगं, तुझ्या नावाचं काहीतरी कोर्टाचं आलंय. पोस्टमननं सही घेऊन दिलं. मी काही उघडलेलं नाही."

"कुठल्या नावानं आलंय? इकडच्या की तिकडच्या?"

"माहेरच्या. म्हणून तर माझ्या पोटात गोळा आला."

पाऊस जरा ओसरल्यावर लालबागहून बस पकडली आणि गिरगाव गाठलं. पाकीट कोर्टाचं नव्हतं, वकिलाची नोटीस होती. एका मोबाइल कंपनीच्या वतीनं. मी म्हणे त्यांचा महिनेवारी बिलाचा फोन वापरला आणि बारा हजार सातशे चाळीस रुपये बुडवले. सात दिवसांत पैसे न भरल्यास पुढची कारवाई. खाली दहा आकडी नंबर होता. तो मी जन्मात कधी लावला नव्हता, की पाहिला नव्हता.

मैत्रिणींनो, चोरी म्हटली की आपण कपाटाचं कुलूप बघतो, गळ्यातलं चाचपतो. पण आपलं नाव कुणी चोरून नेलं, तर घरातली एक वस्तूसुद्धा जागची हलत नाही. हलतं ते फक्त आपलं मन. त्यानंतरचे अडीच महिने माझे कसे गेले आणि त्यातून मी काय शिकले, ते आज सांगायचं आहे. उद्या ही वेळ तुमच्यापैकी कुणावर आली, तर माझ्यासारखं चाचपडावं लागू नये, एवढ्याचसाठी.

भरून टाक आणि मोकळी हो

संध्याकाळी हे ऑफिसातून आले. नोटीस दोनदा वाचली आणि मला म्हणाले, "तू कधी घेतला होतास का गं असा फोन? नीट आठवून बघ."

विचारलं साधंच होतं, आवाजही चढलेला नव्हता. पण ते वाक्य मला नोटिशीपेक्षा जास्त लागलं. दहा वर्षं पै-पैचा हिशेब एकाच वहीत लिहिणारी मी, आणि मला आठवून बघायला सांगावं? मी काही बोलले नाही. पानं वाढली.

मोठे दीर म्हणाले, "बारा हजारांसाठी कोर्टाच्या पायऱ्या कोण चढणार? भरून टाक आणि मोकळी हो." आता बारा हजार म्हणजे माझ्या अर्ध्या दिवसाच्या नोकरीचा दीड महिन्याचा पगार. तरीही खरं सांगते, त्या रात्री मलाही वाटलं की भरून टाकावेत. निदान आईची झोप तरी उडणार नाही.

मला अडवलं ते आमच्याच मजल्यावरच्या काकूंनी. काकू मुंबई ग्राहक पंचायतीच्या जुन्या कार्यकर्त्या. १९७५च्या गुढीपाडव्याला सुरू झालेल्या या संस्थेचं धान्य-किराण्याचं वाटप आमच्या चाळीत त्यांच्याच खोलीत व्हायचं. डाळीच्या पिशव्या वजन करून लावता लावता त्या कायदाही समजावून सांगत. त्यांनी नोटीस वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "हे पैसे भरलेस ना, की हा नंबर तुझा झाला. तू कबूल केलंस. उद्या याच नंबरावरून कुणा म्हाताऱ्याला फसवलेलं निघालं आणि पोलीस दारात आले, तर काय सांगशील? माझा नव्हता, पण बिल मात्र मीच भरलं?"

तेव्हा कुठे माझे डोळे उघडले. प्रश्न बारा हजारांचा नव्हताच. माझ्या नावानं कुणीतरी कुठेतरी बोलत होतं, आणि काय बोलत होतं ते मला ठाऊक नव्हतं.

पैसे भरायला ग्राहक, तक्रारीला मात्र नाही

दुसऱ्या दिवसापासून कंपनीशी गाठ पडली. नोटिशीवर छापलेल्या नंबरावर मी मुद्दामच फोन केला नाही. नोटीसही खोटी असू शकते. लोकांना घाबरवून पैसे उकळणाऱ्यांचा तोच धंदा असतो. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून ग्राहक सेवेचा नंबर शोधला आणि तो लावला.

आधी गाणं. मग हिंदीसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन, मराठीसाठी अमुक. अकरा मिनिटांनी एक मुलगा बोलला. मी सगळी हकिकत सांगितली. तो अदबीनं म्हणाला, "मॅडम, पडताळणीसाठी तुमच्या नंबरावर ओटीपी पाठवलाय, तो सांगा."

"अहो, तो नंबर माझा नाही, हेच तर सांगतेय मी."

"हो मॅडम, पण ओटीपीशिवाय मला तुमचं खातं उघडता येणार नाही."

"खातं माझं नाहीच हो!"

"मग मॅडम, दुसऱ्याच्या खात्याची माहिती मी तुम्हाला देऊ शकत नाही."

आणि फोन कट. असं चार वेळा झालं. दर वेळी नवा मुलगा, नवी मुलगी, आणि सगळी कथा पुन्हा पहिल्यापासून. पाचव्या वेळी सत्यनारायणाच्या पोथीसारखी ती माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडू लागली.

मग दादरला कंपनीचं दुकान गाठलं. तिथे टोकन घेऊन पाऊण तास बसले. काउंटरवरची मुलगी बिचारी गोड बोलायची, पण तिच्याही हातात काही नसावं. म्हणाली, "तुमच्या आत्ताच्या नावावर आमचा एकही नंबर नाही. म्हणजे तुम्ही आमच्या ग्राहकच नाही. मग तक्रार कशी घेऊ?" मी नोटीस पुढे केली. तर म्हणते, "हां, थकबाकी भरायची असेल तर त्या बाजूच्या खिडकीवर."

म्हणजे पाहा, पैसे भरायला मी ग्राहक, आणि तक्रार करायला मात्र नाही!

तेवढ्यात वसुलीवाला गिरगावच्या घरी जाऊन आला. आईनं घाबरून माझा नंबर त्याला देऊन टाकला. झालं, दिवसातून पाच-पाच फोन सुरू झाले. एकदा मी चौथीच्या वर्गात भागाकार शिकवत असताना तीनदा वाजला. दुपारी मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून विचारलं, "काही अडचण आहे का? कर्जबिर्ज?" मी 'नाही' म्हटलं, पण कानशिलं तापली. न केलेल्या गोष्टीची लाज वाटते, हे मला त्या दिवशी कळलं.

काकूंची पुठ्ठ्याची फाइल

काकूंनी मला पुठ्ठ्याची एक फाइल दिली आणि वर मोठ्या अक्षरात तारीख लिहायला लावली. म्हणाल्या, "आजपासून तोंडी बोलणं बंद. जे बोलशील ते लिहून. जे लिहिशील त्याला नंबर घे. जो नंबर मिळेल तो इथे टाक." त्यांनी सांगितलेली वाट अशी होती.

कुठल्याही फोन कंपनीकडे तक्रार केली की तिचा एक नोंदणी क्रमांक देणं कंपनीला बंधनकारक आहे. तक्रारीसाठी १९८ हा बिनपैशाचा क्रमांक असतो. तिथे दाद लागली नाही किंवा मिळालेलं उत्तर पटलं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे तीस दिवसांच्या आत अपील करता येतं. त्याला फी लागत नाही, आणि एकोणचाळीस दिवसांत निकाल द्यावा लागतो. हे नियम दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे 'ट्राय'नं, २०१२ साली केलेले आहेत. पण फोनवरची मुलं आपणहून त्यांचं नाव काढत नाहीत. आपणच विचारावं लागतं.

आणि 'ग्राहक नाही' या मुद्द्यावर काकूंचं उत्तर सोपं होतं. "त्यांनी तुला बिल पाठवलं ना? मग तक्रारीपुरती तू ग्राहक. तक्रारीत असंच लिही."

मी मराठीत एक पानी अर्ज लिहिला. कुठलाही तळतळाट नाही, 'माझा किती मनस्ताप झाला' वगैरे नाही. तारखा, नोटिशीचा क्रमांक, फोन नंबर आणि तीन मागण्या. एक, या जोडणीच्या मूळ अर्जाची आणि त्यासोबत दिलेल्या कागदांची प्रत द्या. दोन, चौकशी होईपर्यंत वसुली थांबवा. तीन, हा नंबर माझ्या नावावरून काढल्याचं लेखी द्या. पोलीस ठाण्यातही दोन प्रतींत अर्ज दिला आणि एका प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतली. ठाण्यात जायला मी फार घाबरत होते. हे सोबत आले होते. पण तिथल्या हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, बरं झालं आधीच आलात. लोक आमचं बोलावणं गेल्यावर येतात."

यादीत निघाला आणखी एक

केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचं 'संचार साथी' नावाचं संकेतस्थळ आहे. मे २०२३मध्ये ते सुरू झालं, आणि २०२५च्या जानेवारीत त्याचं अॅपही आलं. आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या चालू आहेत, हे तिथे घरबसल्या पाहता येतं. आपला नंबर टाकायचा, त्यावर आलेला ओटीपी भरायचा, की यादी समोर येते. नंबर अर्धवट झाकलेले असतात, पण सुरुवातीचे आणि शेवटचे आकडे ओळखू येतात. प्रत्येकासमोर तीन पर्याय असतात. हा माझा नंबर नाही, हा माझा आहे पण आता नको, आणि हा मला हवा आहे.

माझ्या यादीत चार नंबर निघाले. नोटिशीतला नंबर त्यात नव्हता, कारण तो बंद झालेला होता आणि यादीत फक्त चालू नंबर दिसतात. एक माझा. उरलेले तीन पाहून मात्र मी हबकले. तिन्हींवर 'माझा नाही' अशी खूण करायला बोट पुढे गेलंच होतं, एवढ्यात सासूबाई मागून म्हणाल्या, "अगं, तो शेवटी अठ्ठावन्न असलेला माझा आहे ना?"

खरंच की! त्यांचा फोन तीन वर्षांपूर्वी मीच माझ्या कागदांवर घेतला होता. त्यांच्या पेन्शनच्या खात्याला तोच जोडलेला आहे. घाईत मी तो बंद करून बसले असते. दुसरा नंबर मुलीच्या ऑनलाइन शाळेच्या दिवसांत घेतलेल्या टॅबचा निघाला. राहिला चौथा. तो कुणाचाच नव्हता. चालू होता, आणि माझ्या नावानं.

म्हणून, मैत्रिणींनो, ही यादी उघडाल तेव्हा घरातल्या सगळ्यांना भोवती बसवा. सासू-सासरे, मुलं, गावाकडे दिलेला एखादा जुना फोन, सगळ्यांचे नंबर आधी कागदावर लिहून काढा. मगच खूण करा.

त्या चौथ्या नंबरावर 'माझा नाही' अशी खूण केली, आलेला विनंती क्रमांक फाइलमध्ये लिहिला, आणि काही आठवड्यांनी पाहिलं तर तो यादीतून गेलेला होता. त्या थकबाकीच्या नोटिशीचे मी मनोमन आभारच मानले. ती आली नसती तर हा जिवंत नंबर मला कधी कळलाच नसता.

सही इंग्रजी, नाव जुनं

इकडे अपिलाला उत्तर आलं, आणि सोबत मूळ अर्जाची प्रत. ती पाहून हसावं की रडावं कळेना. फोटो भलत्याच बाईचा, माझ्याहून दहा वर्षांनी तरुण. सही इंग्रजीत, झोकदार. मी कॉलेजपासून सही मराठीत करते. नाव माहेरचं, पत्ता गिरगावचा, आणि तारीख मार्च २०२१.

इथेच चोर अडकला. कारण माझ्या आधार कार्डावरचं नाव आणि पत्ता मी २०१८ सालीच बदलून घेतला होता. २०२१मध्ये कुणी माझं आधार खऱ्या अर्थानं तपासलं असतं, अंगठा घेऊन किंवा ओटीपी मागून, तर सासरचं नाव आणि लालबागचा पत्ता आला असता. म्हणजे तपासणी झालीच नव्हती. माझ्या जुन्या कार्डाची एक झेरॉक्स कुणाच्या तरी हाती लागली होती, आणि तिच्यावर दुसरीचा फोटो डकवून सिम दिलं गेलं होतं.

आधारच्या संकेतस्थळावर आपण कधी काय बदललं त्याचा इतिहास मिळतो. तो उतरवून घेतला, माझ्या मराठी सहीचे जुने दोन नमुने जोडले, पोलिसांची पोच जोडली आणि सगळं पाठवून दिलं. पुढच्या पत्रात थकबाकी रद्द झाल्याचं आणि नंबर माझ्या नावावरून काढल्याचं लिहून आलं. दोन ओळी. 'झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत' एवढं साधं वाक्यही त्यात नव्हतं. वसुलीचे फोन त्यानंतरही आठवडाभर येतच होते. प्रत्येकाला मी पत्राचा क्रमांक वाचून दाखवला, तेव्हा थांबले.

ती झेरॉक्स गेली कुठून? मी आठवून आठवून यादी केली. गॅसची जोडणी, मुलीचा शाळाप्रवेश, बचत गट, कोकणातलं लॉज, बँकेचं लॉकर, साडीच्या दुकानातली भिशी. शिवाय कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे फिकट आली म्हणून टाकून दिलेल्या प्रती वेगळ्याच. यातलं नेमकं ठिकाण मला आजवर कळलेलं नाही. दारात कोण आलं ते आपण भोकातून बघतो, पण ओळखपत्राची प्रत मात्र प्रसादासारखी वाटत सुटतो.

हे एकटीचं दुखणं नव्हे

मला वाटत होतं, माझ्याच नशिबी हे आलं. तसं नाही. मे २०२३मध्ये मुंबई पोलिसांनी खोट्या कागदांवरच्या सिमकार्डांचा मोठा छडा लावला. शहरातली सुमारे तीस हजार सिमकार्डं बंद झाली, तेरा जणांना अटक झाली. माणूस एकच, फोटो एकच, पण त्यावर वेगवेगळ्या नावांनी शेकडो सिम घेतलेली होती. आणि गुन्हा नोंदलेल्या ठाण्यांत आमच्या गिरगावातलं व्ही. पी. रोड पोलीस ठाणंही होतं. माझ्या माहेरापासून चालत जाता येईल, इतकं जवळ.

दूरसंचार विभागानं संगणकाकडून चेहरे जुळवून देशभरातल्या सत्त्याऐंशी कोटींहून अधिक जोडण्या तपासल्या. त्यांतल्या चाळीस लाखांवर संशयास्पद निघाल्या आणि छत्तीस लाखांवर तोडल्या गेल्या. २०२३च्या दूरसंचार कायद्यात दुसऱ्याचं सोंग घेऊन सिम मिळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. २०२४ सालापासून सिम घेताना कागदी केवायसीही बंद झाली.

मग आता धोका टळला का? नाही. अंगठ्याच्या काळात चोरीही अंगठ्याची झाली. स्टेशनबाहेर छत्रीखाली टेबल मांडून सिम विकणारा मुलगा म्हणतो, "ताई, अंगठा बरोबर उठला नाही, परत ठेवा." आपण ठेवतो. पहिल्या अंगठ्यानं एक सिम चालू झालेलं असतं, दुसऱ्यानं दुसरं. एक आपल्या हातात येतं, दुसरं त्याच्या खिशात जातं. तेव्हा सिम घ्यायचं ते कंपनीच्या दुकानातून किंवा ओळखीच्या विक्रेत्याकडून. अंगठा पुन्हा ठेवायला लावला, फोटो दुसऱ्यांदा काढला, तर 'का' म्हणून विचारायचं आणि त्याच आठवड्यात संचार साथीची यादी पाहायची.

आणि कंपनीनं शेवटपर्यंत दाद दिलीच नाही तर? ग्राहक आयोग आहे. फोन कंपन्या पूर्वी म्हणत, आमच्याविरुद्ध तिथे जाताच येत नाही, जुन्या तार कायद्याप्रमाणे लवादाकडे जा. अहमदाबादच्या एका गृहस्थांचं बिल महिन्याला सरासरी साडेपाचशे रुपये यायचं, ते एका महिन्यात चोवीस हजारांवर गेलं. ते ग्राहक मंचात गेले आणि कंपनीनं तो वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी न्यायालयानं सांगितलं की फोनच्या ग्राहकाला ग्राहक आयोगाकडे जाता येतं. त्या अनोळखी गृहस्थांनी आठ वर्षं चिकाटी धरली, म्हणून तुमच्या-माझ्यासाठी ते दार उघडं राहिलं.

एवढं वहीत लिहून ठेवा

दिवाळीच्या फराळाची यादी आपण जपून ठेवतो, तशीच ही ठेवा.

१. ओळखपत्राच्या प्रत्येक झेरॉक्सवर तिरप्या दोन रेघा मारून मध्ये लिहा : 'फक्त अमुक कामासाठी', तारीख, सही. अक्षरं छापील मजकुरावर आली पाहिजेत, कोऱ्या कडेला नव्हे. फिकट निघालेली प्रत दुकानात टाकू नका, घरी आणून फाडा.

२. आधारची 'मास्क्ड' प्रत संकेतस्थळावर मिळते. तिच्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. पुष्कळ ठिकाणी ती चालते. आधी तीच पुढे करा.

३. अंगठ्याचा वापर क्वचितच लागत असेल, तर आधारचं 'बायोमेट्रिक लॉक' लावून ठेवा. हवं तेव्हा उघडता येतं. अडलं तर आधारचा मदत क्रमांक १९४७.

४. दर तीन महिन्यांनी संचार साथीवरची यादी पाहा. एका व्यक्तीच्या नावावर आपल्याकडे जास्तीत जास्त नऊ जोडण्या असू शकतात. म्हणजे चोराला केवढी जागा आहे, बघा.

५. चालू फोनची रेंज अचानक गेली, घरातल्या बाकीच्यांच्या फोनला मात्र आहे, तर 'नेटवर्क गेलं असेल' म्हणून स्वयंपाकाला लागू नका. कुणी तुमच्या नंबराचं दुसरं सिम काढलेलं असू शकतं. दुसऱ्याच्या फोनवरून लगेच कंपनीला आणि बँकेला कळवा. नवं सिम दिल्यावर पहिले चोवीस तास त्यावर मेसेज येऊ द्यायचे नाहीत, असा नियम आहे. तो काळ आपल्या हातातला आहे.

६. पैसे गेले असतील तर घरी कोण काय म्हणेल याचा विचार करत बसू नका. १९३० हा सायबर मदत क्रमांक तत्काळ लावा. जितक्या लवकर लावाल, तितकी रक्कम वाटेत अडवता येण्याची आशा जास्त.

७. 'ट्रायमधून बोलतोय, दोन तासांत तुमचा फोन बंद होणार, नऊ दाबा' असा फोन आला तर खुशाल ठेवून द्या. ट्राय कुणाचाही फोन बंद करण्यासाठी असे फोन करत नाही.

८. तक्रार लेखी द्या, क्रमांक घ्या, तारीख लिहा. दाद नाही लागली तर अपील, तेही नाही तर ग्राहक आयोग. ग्राहकांसाठीचा सरकारी सल्ला १९१५ या क्रमांकावर मिळतो.

शेवटी घरातलं एक सांगते. सगळं निस्तरल्यावर एका रविवारी मी ह्यांना म्हटलं, "आता तुमचीही यादी पाहू." बघितली तर तीन नंबर. एक त्यांचा, एक ऑफिसच्या कामाचा, आणि तिसरा? ह्यांना काही केल्या आठवेना.

मी चहाचा कप पुढे ठेवला आणि म्हटलं, "तुम्ही कधी घेतला होता का हो असा फोन? नीट आठवून बघा."

क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घालून हसले. पुढे कपाटातल्या खालच्या खणात जुनं डोंगल सापडलं, त्याच्यातलं ते सिम. 'आता नको' वर खूण केली. त्या दिवशीचं माझ्या मनातलंही मग मी काढून टाकलं.

कंपनीच्या त्या दोन ओळींच्या पत्राची एक प्रत गिरगावला आईकडे नेऊन दिली. आईनं ती चष्मा लावून दोनदा वाचली आणि देवघराखालच्या खणात, माझ्या शाळेच्या दाखल्याशेजारी ठेवली. म्हणाली, "आता कुणी आलं तर मी दारातच दाखवीन."

मूळ पत्र माझ्या फाइलमध्ये आहे. काकूंनी ती फाइल मात्र परत मागितली नाही. म्हणाल्या, "राहू दे, कुणाला तरी लागेल." गेल्याच महिन्यात परळच्या एका मैत्रिणीला ती लागली.